बाळाच्या टाळूवरची खपली

(भगिनी मंडळाच्या सभेत केलेले भाषण. ज्या भगिनींना त्या दिवशी येता आले नाही त्यांच्या विनंतीवरून येथे देत आहोत.)



अध्यक्षबाईंनी मला पाड्यावरच्या कामाविषयी बोलायला बोलावलं. विषय काय घेणार असं त्यांनी फोनवर विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "बाळाच्या टाळूवर धरणारी खपली." पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग त्या म्हणाल्या, "त्यावर अर्धा तास?" मी म्हटलं, "हो बाई, आणि अर्धा तास कमी पडेल."

मी धर्मशास्त्राचा डिप्लोमा केला, तेव्हा तीन वर्षांत कोणीही मला खपलीबद्दल शिकवलं नाही. ते मी जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर शिकले, आणि दोन चुका करून शिकले. त्या दोन्ही चुका आज तुमच्यापुढे ठेवणार आहे. तुमच्यापैकी पुष्कळ जणी दरवर्षी आमच्याबरोबर पाड्यावर येतात, बाळांना मांडीवर घेतात. पुष्कळ जणींच्या घरी नातवंडं आहेत. त्यामुळे हे तुमच्या कामाचंही आहे.

माझी पहिली चूक

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पाऊस नुकताच उघडला होता, भात कापणीला आलं होतं. एका वारली पाड्यावर आम्ही चार-पाच जणी एका घराच्या ओट्यावर बसलो होतो. एक तरुण आई बाळाला घेऊन आली. बाळ दीड महिन्याचं असेल. तिने बाळाच्या डोक्यावरचं फडकं काढलं, तर पुढच्या टाळूपासून मागेपर्यंत जाड, पिवळट, तेलकट खपली. मध्ये मध्ये भेगा पडलेल्या, बारीक जावळ त्यात चिकटून बसलेलं.

मी सगळ्यांसमोर म्हणाले, "अगं, काय घाण झालंय हे डोकं! आंघोळ घालत नाहीस का बाळाला?"

ती काही बोलली नाही. फडकं पुन्हा बाळाच्या डोक्यावर ओढलं आणि उठून गेली.

पुढच्या आठवड्यात लसीकरणाचा दिवस होता. ती आली नाही. महिन्याभराने पुन्हा लसीकरण होतं, तेव्हाही नाही. सेविकाताई घरी गेल्या तर सासूने सांगितलं, माहेरी गेलीय. ती माहेरी गेलेली नव्हती. आशाताईंनी एका संध्याकाळी तिला घरातच गाठलं. बाळाच्या डोक्यावर जखमा होत्या, त्यात पू झाला होता, अंग तापलं होतं. तिने ती खपली नखांनी आणि करवंटीच्या कडेने खरवडून काढली होती. आशाताईंनी त्याच रात्री गाडी मिळवून आई-बाळाला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. औषधाने बाळ बरं झालं, देवाचे आभार.

मी भेटायला गेले. सेविकाताईंनी मला वाटेतच सांगितलं होतं की ही पोरगी बाळाला रोज सकाळी ऊन पाण्याने न्हाऊ घालते, पाड्यात तिच्याइतकं बाळाला जपणारं कोणी नाही. मी तिला विचारलं, "का गं खरवडलंस?" ती खाली बघून म्हणाली, "तुम्ही घाण म्हणालात ना ताई. म्हणून काढली."

हे वाक्य मी आजवर विसरलेले नाही. विसरूही नये.

त्याच नाताळात माझ्या बहिणीच्या मुलीचं बाळ बघायला आम्ही नाशिकला गेलो. दोन महिन्यांचं बाळ, आणि डोक्यावर तीच खपली. तशीच पिवळी, तशीच जाड. घरातली मोठी माणसं काय म्हणाली? "होतं गं असं लहानपणी. डॉक्टरांना दाखव एकदा." कोणीही त्या आईला विचारलं नाही की तू आंघोळ घालतेस की नाही. मीही विचारलं नाही. परत येताना एसटीत बसल्या बसल्या हे माझ्या लक्षात आलं आणि मला माझीच लाज वाटली.

ही खपली म्हणजे काय?

आपल्याकडे हिला वेगवेगळं म्हणतात. कोणी खपली म्हणतं, कोणी पापुद्रा. पुष्कळ जणी म्हणतात, "डोक्यावर मळ धरलाय." यातला 'मळ' हा शब्दच सगळा घोटाळा करतो. तो मळ नव्हे. शहरातल्या आया त्याला क्रेडल कॅप म्हणतात, आणि डॉक्टरांच्या कागदावर सेबोर्हिक डर्मटायटिस असं लिहिलेलं असतं.

हे होतं कसं, ते मला आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी समजावलं. आपल्या कातडीत तेल तयार करणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. जन्माच्या आधी आईच्या शरीरातली संप्रेरकं बाळाकडे गेलेली असतात. त्यांच्यामुळे जन्मानंतर काही महिने बाळाच्या ग्रंथी जास्त तेल करतात, असं मानलं जातं. शिवाय माणसाच्या कातडीवर मॅलासेझिया नावाची एक सूक्ष्म बुरशी राहतेच, तुमच्या-माझ्याही. तिला तेल आवडतं. तेल, ही बुरशी आणि कातडीचे जुने पापुद्रे मिळून ही खपली धरते.

साधारण तिसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत ती दिसू लागते. डोक्यावर जास्त. कधी भुवयांवर, कानामागे, मानेच्या वळीत, काखेत, जांघेतही दिसते. बाळाला दुखत नाही, सहसा खाजत नाही. बाळ दूध पितं, झोपतं, हसतं. एकाची दुसऱ्याला लागत नाही. आईने काय खाल्लं, किती वेळा न्हाऊ घातलं, घर मातीचं की सिमेंटचं, याच्याशी तिचा संबंध नाही. बहुतेक बाळांची ती पहिल्या वाढदिवसापर्यंत आपोआप जाते. काहींची मात्र दोन-तीन वर्षांपर्यंत रेंगाळते.

म्हणजे नाशिकच्या फ्लॅटमध्ये आणि मोखाड्याच्या कुडाच्या घरात ही खपली एकाच कारणाने येते. फरक आपल्या बोलण्यात पडतो.

टाळू भरणं आणि आपल्या रीती

आता एक नाजूक गोष्ट. आपल्याकडे बाळाची टाळू भरायची रीत आहे. आंघोळीच्या आधी आणि नंतर टाळूवर तेल थापायचं आणि ते जिरू द्यायचं. कोणी खोबरेल घेतं, कोणी तिळाचं. पाड्यावर कधी मोहाच्या बियांचं तेल असतं. मग त्यावर टोपडं किंवा कुंची बांधायची. आजीने तेल भरलेलं असतं, त्यामुळे आई ते धुवायला धजत नाही. टाळू मऊ लागते, तिथे ठोके जाणवतात, म्हणून भीतीही वाटते. मग डोक्याचा तेवढाच भाग सोडून बाकी सगळं बाळ स्वच्छ न्हाऊन निघतं. त्या जागी तेलावर तेल, त्यावर टोपडं आणि आत घाम. खपलीला याहून बरी जागा कुठली?

मी हे पाड्यावर सांगते तेव्हा रीतीला नावं ठेवत नाही. बाळाला तेलाने चोळणं, मांडीवर घेऊन हात फिरवणं, यात आई-बाळाचं नातं आहे. आणि रीती सगळ्याच लोकांत असतात. यहेज्केलाच्या सोळाव्या अध्यायाच्या सुरुवातीला पाहा. त्या काळी नवजात बाळाला मीठ चोळायचे आणि फडक्यात गुंडाळायचे, आणि ते न करणं म्हणजे बाळाला टाकून देण्यासारखं होतं. आज आपण मीठ चोळत नाही, पण त्यामागची माया आपल्याला कळते. तशीच टाळू भरणाऱ्या आजीची मायाही कळायला हवी. तिला आम्ही एवढंच सांगतो, "आजी, तेल लाव, पण धुऊन काढ. दिवसभर ठेवू नकोस."

आणि टाळूची भीती? पुढची टाळू साधारण बारा ते अठरा महिन्यांत भरून येते, मागची पहिल्या दोन-तीन महिन्यांतच. मऊ भागावर घट्ट पडदा असतो. हलक्या हाताने धुतल्याने त्याला काही होत नाही. ठोके दिसणंही नेहमीचं. मात्र टाळू खोल गेलेली दिसली, बाळाला जुलाब-उलट्या होत असतील, तर "टाळू पडली" म्हणून तेल भरत बसायचं नाही. बाळाच्या अंगातलं पाणी कमी झालेलं असतं. अंगावरचं दूध पाजत पाजत दवाखाना गाठायचा. टाळू फुगून वर आली आणि बाळ मलूल किंवा तापलेलं असेल, तरीही तसंच, ताबडतोब.

घरी काय करावं

काहीच केलं नाही तरी चालतं. हे मी आधी सांगते, कारण पुष्कळ आया रात्र रात्र काळजी करतात. पण काढायचीच असेल तर घाई न करता काढावी.

आंघोळीच्या पंधरा-वीस मिनिटं आधी खपलीवर थोडंसं तेल किंवा व्हॅसलीनसारखी साधी पेट्रोलियम जेली लावावी, आणि तीही खपलीवरच. सगळं डोकं चपचपीत करायचं नाही. खपली मऊ झाली की लहान मुलांच्या मऊ दातब्रशने किंवा मऊ फडक्याने हलके गोल फिरवावं. जेवढं सुटेल तेवढं सुटू द्यावं. मग कोमट पाण्याने आणि बाळाच्या सौम्य शाम्पूने किंवा सौम्य साबणाने डोकं धुवावं. तेल पूर्ण निघालं पाहिजे, ही यातली महत्त्वाची पायरी आहे. ऑलिव्ह ऑइल वापरणाऱ्या आपल्या शहरातल्या आयांनाही हे लागू आहे. आत राहिलेलं तेल त्या बुरशीचं जेवण होतं. मग मऊ पंच्याने डोकं टिपून घ्यावं आणि थोडा वेळ उघडं ठेवावं. घरात टोपडं दिवसभर लागत नाही. थंडीत किंवा बाहेर नेताना घालावं.

सुरुवातीला हे रोज करावं. खपली कमी झाली की आठवड्यातून दोन-तीन वेळा धुतलं तरी पुरतं. एका दिवसात सगळी खपली काढायचा हट्ट धरू नये, दोन-तीन आठवडे लागतात. खपलीबरोबर थोडं जावळ निघालं तर घाबरू नये, ते परत येतं.

आता तुम्ही म्हणाल, पाड्यावर पाणी कुठे आहे? बरोबर आहे. मोखाड्यात पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो आणि मार्च उलटला की टँकरची वाट बघावी लागते. बायका हंडे घेऊन दरीत उतरतात. अशा वेळी "रोज डोकं धुवा" असं आपण सहज सांगतो आणि निघून येतो. म्हणून आम्ही तांब्याभर पाण्यात करून दाखवतो. बाळाला हातावर आडवं घ्यायचं, डोकं थोडं खाली. अर्ध्या तांब्याने भिजवायचं आणि साबण लावायचा, उरलेल्या अर्ध्याने धुवायचं. पाणी डोळ्यांत जात नाही आणि वायाही जात नाही. तेल कमी लावलं की पाणीही कमी लागतं, हे बायकांनीच मला दाखवून दिलं.

काय करू नये, तेही सांगते. नखांनी खरवडू नये. डाळीचं पीठ, मीठ, लिंबू घासू नये, कातडी सोलवटते. मोठ्या माणसांचा कोंड्याचा शाम्पू स्वतःच्या मनाने लावू नये. सॅलिसिलिक ॲसिड असलेली औषधं बाळाच्या कातडीतून शरीरात शोषली जातात, ती टाळावीत. आणि मेडिकलच्या दुकानातून "खाजेची ट्यूब द्या" म्हणून आणलेलं मलम बाळाला लावू नये. त्यांतल्या पुष्कळ मलमांत जोरदार स्टिरॉइड मिसळलेलं असतं. चार दिवस बरं वाटतं, मग कातडी पातळ होते आणि खरा आजार झाकला जातो.

माझी दुसरी चूक

पहिल्या चुकीनंतर मी शहाणी झाले असं मला वाटलं. मी दुसऱ्या टोकाला गेले. कुठल्याही आईने बाळाचं डोकं दाखवलं की मी हसून म्हणायची, "काही नाही गं, आपोआप जाईल."

होळीला वीटभट्टीवरून परतलेलं एक कुटुंब होतं. तुम्हाला ठाऊक आहे, आमच्या भागातली पुष्कळ कुटुंबं दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडच्या भट्ट्यांवर जातात, मुलांसकट. त्यांचा मुलगा अडीच वर्षांचा होता. डोक्यावर खवले. आई म्हणाली, "लहानपणी होतं तसंच परत झालंय." मी लांबूनच पाहिलं आणि म्हटलं, "तेल लावून धू, जाईल."

दोन महिन्यांनी सेविकाताईंनी मला हाताला धरून त्या मुलापाशी नेलं. म्हणाल्या, "ताई, नीट बघा." मी पहिल्यांदाच जवळून पाहिलं. डोक्यावर दोन ठिकाणी गोल जागा होत्या, तिथले केस मुळाशी तुटलेले, काळे ठिपके दिसत होते. मुलगा सारखा खाजवत होता. त्याच्या मोठ्या बहिणीच्या गळ्यावर गोल चट्टा होता. ते गजकर्ण होतं, डोक्यावरचं. ते लागतं. एक फणी, एक पंचा, एक टोपी यातून घरभर जातं. आणि डोक्यावरच्या गजकर्णाला नुसतं मलम पुरत नाही, कारण मलम केसाच्या मुळापर्यंत पोचत नाही. डॉक्टर पोटातून औषध देतात आणि ते कित्येक आठवडे घ्यावं लागतं. दोन महिने मी त्या मुलाला तेल लावायला सांगून वाया घालवले होते.

पहिल्या वेळी मी नीट न बघता दोष दिला. दुसऱ्या वेळी नीट न बघता धीर दिला. दोन्ही वेळा भोगलं बाळाने.

चिवट खपली: दवाखान्यात कधी न्यावं

म्हणून आता आम्ही सेविका, आशाताई आणि आमच्या कार्यकर्त्या मिळून काही गोष्टी मनाशी पक्क्या केल्या आहेत. यातलं काही दिसलं तर "आपोआप जाईल" म्हणायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं.

खपलीखालची कातडी लाल झाली, ओली झाली, पू आला, रक्त आलं, वास येऊ लागला, मानेत गाठी आल्या किंवा ताप आला.

खपली चेहऱ्यावर आणि अंगावर पसरत चालली.

चार-सहा आठवडे नीट काळजी घेऊनही फरक नाही, किंवा बाळ वर्षाचं झालं तरी जोरात आहे. अशा वेळी डॉक्टर बुरशीवरचं औषध, केटोकोनॅझोलचा शाम्पू किंवा मलम, आणि कधी थोड्या दिवसांसाठी सौम्य स्टिरॉइड देतात. ते त्यांनीच द्यावं, किती दिवस लावायचं तेही त्यांनीच सांगावं.

मूल खाजवतं, झोपत नाही. गालांवर कोरडे लाल चट्टे असतील तर इसब असू शकतं. रात्री खाज वाढते, तळहात-तळपायांवर पुरळ आहे, घरातले इतरही खाजवतात, तर खरूज असू शकते. तिचं औषध घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी घ्यावं लागतं. मोठ्या मुलांत उवांमुळे खाजवून जखमा होतात आणि त्यांवर खपली धरते.

केस गोल जागी गळतात किंवा तुटतात, तर गजकर्ण.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे खपलीवरून नजर काढून पूर्ण बाळ बघायचं. वजन वाढतंय का? वारंवार जुलाब होतात का? सारखं आजारी पडतं का? तोंडाभोवती, हातापायांवर, ढुंगणावरही कातडी सोलते का? केस विरळ, तांबूस झालेत का? पाय सुजलेत का? बाळाला पोषणाची उणीव असते, जस्त कमी पडतं, क्वचित प्रतिकारशक्तीचा किंवा रक्ताशी संबंधित मोठा आजार असतो, तेव्हाही कातडी आधी बोलते. सहा महिन्यांच्या पुढच्या बाळाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, किंवा दोन्ही पायांवर सूज आहे, तर ते तीव्र कुपोषण. तिथे डोक्याची खपली बाजूला ठेवायची आणि त्याच दिवशी बाळाला आरोग्य केंद्रात न्यायचं.

लाजेची किंमत

आता तुम्हाला कळेल की मी एवढ्याशा खपलीवर का बोलते आहे.

आपल्या देशात बाळाच्या लसी सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला असतात. आशाताई बाळाच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातात. घरी जाऊन नवजात बाळाला बघायची ही पद्धत आपल्याच महाराष्ट्रातल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्या बायकांना शिकवून सिद्ध केली. १९९९ साली त्यांचं ते काम जगापुढे आलं आणि पुढे देशभर आशाताईंच्या हाती गेलं. त्या पद्धतीत आशाताई बाळाच्या दारात जाते. पण दार उघडणं आईच्या हातात असतं.

आणि खपली कधी दिसते? बरोबर याच आठवड्यांत. ज्या दिवसांत बाळाने लसीला यायला हवं, वजन करायला हवं, त्याच दिवसांत त्याच्या डोक्यावर हे पिवळं टोपडं चढतं. त्या वेळी कोणी ताई, कोणी सिस्टर, कोणी पाहुणी सहज म्हणून जाते, "किती घाण ठेवलंय!" आई घरी बसते. लस चुकते, वजन चुकतं. खपली चार महिन्यांनी आपोआप गेली असती. चुकलेली लस आपोआप लागत नाही.

त्या वारली आईचं बाळ दोन लसींना उशीर होऊन पुढे सावरलं. आता ते शाळेत जातं. ती मला भेटली की हसते. तिने मला माफ केलं आहे असं मी समजते. मी तिची माफी मागितली होती, त्याच ओट्यावर, त्याच बायकांसमोर. मग तिलाच विचारलं, "इतर आयांना तूच सांगशील का, खरवडू नका म्हणून?" आता आमच्या बैठकीत तांब्याभर पाण्याने बाळाचं डोकं कसं धुवायचं ते तीच करून दाखवते. माझ्यापेक्षा चांगलं दाखवते.

तुम्हांला एक विनंती

तुम्ही नाताळच्या सुमारास पाड्यावर येता. प्रेमाने येता, हातात काहीतरी घेऊन येता. दरवर्षी कोणीतरी मला विचारतं, शाम्पूच्या बाटल्या आणू का? आणा, नको म्हणणार नाही. बाळाचा सौम्य शाम्पू, मऊ ब्रश, मऊ सुती पंचे, यांचा उपयोग होतो. खमंग वासाचे साबण आणि मोठ्यांचे शाम्पू मात्र नकोत. पैसे द्यायचे असतील तर आजारी बाळाला रात्री-बेरात्री दवाखान्यात नेणाऱ्या गाडीभाड्यासाठी द्या. त्या रात्री आशाताईंना गाडी मिळाली नसती तर काय झालं असतं, याचा विचार मी करत नाही.

पण वस्तूंच्या आधी एक मागते. कोणत्याही आईला "घाण" हा शब्द म्हणू नका. बाळ मांडीवर घ्या, डोक्यावरून हात फिरवा, खपलीवरूनही फिरवा, ती लागत नाही. मग विचारा, "दूध नीट पितं का? झोपतं का? सिस्टरला दाखवलंस का?" एवढंच. आणि कोणा बाळाचा खपलीचा फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. उद्या ते मूल मोठं होणार आहे.

शेवटचं सांगते आणि बसते. लेवीय पुस्तकाचा तेरावा अध्याय आपण वाचताना घाईने पानं उलटतो. सगळा कातडीचे डाग आणि खवले यांचा आहे, त्यात डोक्यावरचं दुखणंही येतं. मीही कॉलेजात असताना तो चाळूनच सोडला होता. पण त्या दोन चुकांनंतर मी तो पुन्हा वाचला. तिथे याजकाला काय सांगितलंय? जवळून पाहा. खात्री नसेल तर सात दिवस थांबा. मग पुन्हा पाहा. तरी खात्री नसेल तर आणखी सात दिवस, आणि पुन्हा पाहा. खात्री नसताना लगेच निवाडा करायची मुभा त्याला नाही. मी पहिल्या दिवशी, ओट्यावर बसल्या बसल्या, एका नजरेत निवाडा केला होता.

आणि मार्काच्या पहिल्या अध्यायातला कुष्ठरोगी तुम्हाला आठवत असेल. प्रभूला त्याचा कळवळा आला, आणि प्रभूने आधी हात पुढे करून त्याला स्पर्श केला. लोक ज्याला हात लावत नव्हते, त्याला. खपली म्हणजे कुष्ठरोग नव्हे, तशी तुलना मला करायची नाही. पण आईच्या कुशीतल्या बाळाकडे आपला हात कसा पुढे व्हावा, हे तिथून शिकता येतं.

या नाताळात पाड्यावर याल तेव्हा त्या आईच्या हातून बाळ घ्या. तिला थोडं बसू द्या. ती पहाटेपासून उभी असते.

प्रभू तुम्हां सर्वांना आशीर्वादित करो. सलाम.